भिवा रागावला की शुद्ध बोलायचा

बिरू,

तू माझ्यावर रागावला होतास हे मला तू गेल्यावर बारा दिवसांनी कळलं. त्याआधी तीन महिने तू रविवारी येत नव्हतास आणि मी समजत होते की लसीकरण चालू आहे, ऊन आहे, माणूस दमतो. अफरीनला मी म्हणालेसुद्धा, "येईल गं. बिरूला कुठं राग येतो?" किती सहज बोलून गेले होते मी. आता ते वाक्य आठवलं की भर वर्गात मला फळ्याकडे तोंड करून उभं राहावं लागतं.

तू गेलास त्या सकाळी कुठल्याशा वाडीवर मेंढ्यांना लस टोचत होतास. छातीत कळ आली, बाभळीला टेकून बसलास, तो तसाच राहिलास. अडतिसाव्या वर्षी. त्याबद्दल मला एवढंच माहीत आहे आणि तेवढंच पुरे आहे. मला लिहायचंय ते आपल्या रविवारांबद्दल, आणि त्यातल्या शेवटच्या रविवारी तू मागितलंस आणि मी दिलं नाही त्याबद्दल.

तुला मी पहिल्यांदा पाहिलं ते अफरीनच्या मेडिकलमध्ये, सात रस्त्यावर. तू कुणाच्या तरी शेळीसाठी औषध घ्यायला आला होतास. अफरीननं आपल्या खेळाचे फासे काउंटरवर काढून ठेवले होते, ते मला परत द्यायला. तू त्यातला वीस बाजूंचा फासा उचललास, उजेडात धरून फिरवलास आणि म्हणालास, "ह्याला लईच तोंडं हायत की."

"इतवार को आ," अफरीन म्हणाली, "सब तोंडाँ दिखाती."

आणि तू आलास. जुळे सोलापुरातल्या माझ्या फ्लॅटवर, इस्त्रीचा शर्ट, हातात हेल्मेट, एखाद्या ऑफिसात कागद द्यायला आल्यासारखा. आम्ही तिघं टेबलाशी बसलो होतो. मी, अफरीन आणि श्रीनिवास. श्रीनिवासच्या घरचे चार टॉवेलचे माग, पण त्याचं चित्त कायम गोष्टींत. मी तुला खेळ समजावून सांगितला. एकजण गोष्ट सांगतो, तो सूत्रधार. इथं ती मी. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. समोर दरी येवो, दरोडेखोर येवोत, काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि ते जमलं की नाही ते फासा सांगणार. अफरीन जादूगारीण होती. श्रीनिवास चोर होता, कुणालाही न जुमानणारा, रुबाबदार चोर. तुला मी पात्रांची यादी वाचून दाखवली. बार्बेरियनपाशी तू मला थांबवलंस.

"ह्यो काय करतो?"

"रानटी योद्धा. ह्याच्याकडे जादू नाही, चिलखत नाही. फक्त राग आहे. राग आला की ताकद दुप्पट. लागलेलं निम्मंसुद्धा जाणवत नाही."

"आनि राग गेल्यावर?"

"मग काही नाही. नेहमीसारखा."

तू हसलास. "मग त्यो राग न्हाय, मॅडम." आणि तरीही तोच घेतलास.

नाव ठेवलंस भिवा. आम्ही परदेशी वळणाची, जीभ अडखळावी अशी नावं घेऊन बसलेलो आणि त्यात हा भिवा. श्रीनिवास खो-खो हसला. पात्राच्या कागदावर एक रकाना असतो, पात्राची भीती काय. त्यात तू लिहिलंस, "माझा हात." मी विचारलं, "म्हणजे हात तुटायची भीती का?" तू म्हणालास, "तसंच समजा." कुटुंबाच्या रकान्यात लिहिलंस, "धाकटा भाऊ, तानू, वय नऊ." मी दोन्ही वाचलं, फाइलीला लावलं आणि खेळ सुरू केला.

मला भिवाच्या पहिल्या रागाची केवढी उत्सुकता होती! एका पुलावर मी दरोडेखोर उभे केले होते. त्यांनी अफरीनच्या जादूगारणीला ढकललं. मी म्हणाले, "भिवाला राग येतोय का?" तू मनगटावरचं घड्याळ काढलंस आणि टेबलावर नीट ठेवलंस.

"भिवा मुंडासं सोडतो," तू सांगायला लागलास. "त्याची घडी घालतो. चोराच्या हातात देतो. म्हनतो, हे धर. ह्याला माती लागू दिऊ नको."

श्रीनिवासनं खरंच दोन्ही हात पुढं केले. तू फासा टाकलास. एकोणीस.

"आणि ओरडतो?" मी विचारलं.

"न्हाय."

"अरे, ओरडायला पाहिजे. अंगात आल्यासारखं."

"अंगात आलं म्हंजे दुसरं कुनीतरी येतं, मॅडम. रागात आपनच ऱ्हातो. बाकीचं सगळं जातं."

मी त्या दिवशी हे वहीत उतरून घेतलं, वाक्य चांगलं होतं म्हणून. तू काय सांगत होतास ते मात्र माझ्या डोक्यात शिरलं नाही.

मग दर दोन-चार रविवारांनी भिवाचा नवा राग. मी सूत्रधार, पण वाट मी पाहायची. एकदा गुहेत तुम्ही तिघं वेढले गेलात तेव्हा भिवा मेंढरं मोजायला लागला. हलक्या आवाजात, बोटांवर, एक, दोन, तीन. शत्रू जवळ येत होते आणि तू मोजत होतास. चाळीसपर्यंत आलास, थांबलास, पुन्हा एकपासून सुरू. अफरीन कासावीस झाली, "अरे मार ना रे कुछ!" दुसऱ्यांदा चाळीसवर आलास आणि मान वर करून मला विचारलंस, "एक्केचाळिसावं कुटं हाय?" तुझ्या डोळ्यांत जे होतं ते पाहून मी फासा टाकायचा राहू दिला आणि शत्रूंना पळवून लावलं. एवढ्या वर्षांत मी असा नियम कधी मोडला नव्हता.

सगळ्यात गाजला तो विहिरीचा प्रसंग. गोष्टीतल्या एका गावात मुखियानं विहिरीवर पहारा बसवला होता, लोकांना पाणी भरू देत नव्हता. श्रीनिवासला वाटलं आता भिवा कुऱ्हाड काढणार. तू खुर्चीत ताठ बसलास, शर्टाचं वरचं बटण लावलंस आणि म्हणालास, "महोदय, आपल्या पहारेकऱ्यांनी विहिरीपासून दूर व्हावे, अशी माझी आपणांस नम्र विनंती आहे."

आम्ही हसून हसून लोळायचेच बाकी राहिलो. श्रीनिवास म्हणाला, "अरे, भिवाचा तहसीलदार झाला!" मी मुखियाच्या आवाजात म्हणाले, "नाही हटले तर?"

"तर मला अतिशय खेद होईल," तू म्हणालास. "मी विनंती दुसऱ्यांदा करीत नसतो."

आवाज जराही चढवला नव्हतास. पण टेबलावरचं हसू गेलं. आत झोपलेली माझी आई उठून दारात आली होती, तीही तशीच उभी राहिली. मुखिया हटला. हटवावाच लागला मला त्याला.

नंतर चहा पिताना मी विचारलं, हे कुठून सुचतं तुला? तू म्हणालास, "शाळेत तपासनीस यायचे, त्ये असं बोलायचे." मग कपातल्या चहाकडे बघत म्हणालास, "आपली भाषा तोंडात असली की हात लगेच उठतो, मॅडम. ही दुसऱ्याची भाषा. येकेक शब्द शोधून आनावा लागतो. तवर हात थांबतो."

"काय डोकं आहे रे तुझं!" मी म्हणाले.

बिरू, मी इंग्रजी शिकवते. पोरांना रोज सांगते की वाक्यात जोर कुठल्या शब्दावर आहे ते आधी बघा. त्या वाक्यात जोर हातावर होता.

उलट मी त्याचा उपयोग करून घेतला. आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्या जागेवर रोज गाडी लावणारे वरच्या मजल्यावरचे गृहस्थ तुला आठवतात. त्यांच्याशी मी वर्षभर भांडले, घसा बसेपर्यंत. मग एक दिवस मी गेले आणि म्हणाले, "महोदय, आपण आपले वाहन अन्यत्र हलवावे, ही नम्र विनंती." गृहस्थ चपला न घालता खाली आले. मी लगेच तुला फोन केला. तू कुठंतरी रस्त्यात होतास, गाडी बाजूला घेऊन हसलास. "आता भिवाला तुमी पगार द्या," म्हणालास. तुझं ते हसू अजून ऐकू येतं. तुझ्यामुळे मी त्या वर्षी चार माणसांवर कमी ओरडले, त्यात दोन माझे विद्यार्थी होते. हे तुला सांगायचं राहिलं.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून. राग संपल्यावर भिवा काय करतो यावरून. मला लढाई संपली की पुढचं गाव हवं असायचं. तू सोडायचा नाहीस. भिवाच्या हातातून तांब्या निसटायचा. तो प्रत्येकापाशी जायचा आणि विचारायचा, "तुला लागलं न्हाय नव्हं?" आणि तू खरंच थांबायचास, अफरीन आणि श्रीनिवास दोघांनी "नाही" म्हणेपर्यंत. दोघांनाही कंटाळा यायचा. एकदा मी वैतागून म्हणाले, "बिरू, राग संपला. ह्यात आता मजा काय?"

"मजा न्हाय," तू म्हणालास. "पन राग तितंच असतो. मारताना कुटं असतो? मारताना काय कळतच न्हाय."

"मग पुढच्या वेळी थोडक्यात घे."

"बरं."

पुढच्या वेळी तू थोडक्यात घेतलंस. तेही मला लागलं नाही. उलट खेळ आता कसा सरसर चालतो, असं वाटलं.

आता शेवटच्या रविवारचं. मी हे कुणाला सगळं सांगितलेलं नाही, अफरीनलाही नाही.

मी इंटरनेटवर लोकांचे खेळ बघायचे. कुठल्या कुठल्या देशांत लोक टेबलाभोवती बसतात, कुणीतरी बार्बेरियन उठून उभा राहतो, गळ्याच्या शिरा ताणून गर्जना करतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. हजारो लोक ते बघतात. मला वाटायचं, आपल्याकडे बिरू आहे. ह्यानं एकदा, फक्त एकदा आवाज सोडला तर सोलापूरचं टेबल लोक बघतील. मी हे तुला सांगितलं नाही. श्रीनिवासला सांगितलं. म्हणाले, पुढच्या रविवारी मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेव, रेकॉर्डिंग चालू कर, बिरूला कळू देऊ नकोस. दोन आठवडे मी तो प्रसंग रचत होते. भिवा कशानं पेटेल? फाइल काढली. कागदावर होतंच, धाकटा भाऊ. किल्लेदाराच्या माणसांनी तानूला धरून नेलं, इथं मी आधीच्या रविवारचा खेळ थांबवला.

दुपारचे तीन वाजले असतील. तू डब्यातून कडक भाकरी आणि चटणी आणली होतीस, श्रीनिवास भाकरी मोडून मोडून खात होता. मी गोष्ट सुरू केली. किल्ल्याचा दरवाजा. किल्लेदार बाहेर येतो. त्याच्या हातात तानूची बखोट.

तू खायचा थांबलास.

"तानू नऊ वर्षांचा आहे," मी म्हणाले. "तो भिवाकडे बघतो. किल्लेदार विचारतो, तुझा भाऊ काय हा? आणि हात वर नेऊन तानूच्या कानफटात मारतो. तानू खाली पडतो. त्याच्या कानातून रक्त येतंय."

कान मी का म्हणाले? मला माहीत नाही. तोंडात आलं. गाल म्हणाले असते, पाठ म्हणाले असते.

तुझा चेहरा पांढरा पडला. मी मनात म्हणाले, आता. आता ओरडतो.

"मॅडम, हे बदला," तू म्हणालास.

"काय?"

"हे येवडं बदला. दुसरं काय बी करा."

"बिरू, झालं ते झालं. आता भिवा काय करतो ते सांग. उठ, उभा राहा, ओरड!"

अफरीननं माझ्या दंडाला हात लावला. "जाने दे ना वैशाली. उसकू नको छेड."

"बदला म्हनतो ना, मॅडम."

"नाही," मी म्हणाले. "सूत्रधार मी आहे."

तू काहीतरी बघत होतास. मी वळून पाहिलं. बाटलीला टेकवलेला मोबाईल, त्यावर लाल ठिपका. तू तो बघितलास, मग श्रीनिवासकडे बघितलंस, मग माझ्याकडे. हातातला फासा कागदावर ठेवलास. डब्याचं झाकण लावलंस. उभा राहिलास, आणि अगदी शांतपणे म्हणालास,

"मला आता निघण्याची परवानगी असावी. आपणां सर्वांना माझ्यामुळे तसदी झाली, त्याबद्दल क्षमस्व."

श्रीनिवास हसला. त्याला वाटलं भिवा बोलतोय. मलाही तसंच वाटलं. मी तर खूश झाले, की बघा, ह्यानं पुन्हा वेगळंच काढलं. तू हेल्मेट घेतलंस, दार ओढून घेतलंस. आम्ही पाच मिनिटं तशीच वाट बघत बसलो, की तू बाहेर उभा आहेस आणि आता किल्ल्यात शिरल्यासारखा दार ढकलून आत येणार. मग खालून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

त्या संध्याकाळी मी तुला मेसेज केला. "एवढं मनावर घेऊ नकोस. खेळ होता." तुझं उत्तर आलं, "हो मॅडम. आपले म्हणणे योग्य आहे." आपली सहा वर्षांची ओळख. सहा वर्षांत तू मला एकदाही "हो" म्हणाला नव्हतास, कायम "व्हय". एकदाही "आपले" नाही. मी ते वाचलं, बरं वाटलं आणि फोन चार्जिंगला लावला.

रेकॉर्डिंग श्रीनिवासनं दुसऱ्याच दिवशी पुसून टाकलं. मी सांगितलं नव्हतं. त्याचं त्यानं.

तीन महिन्यांत मी तुला फोन केला नाही. अफरीनकडे तू औषधाला यायचास, ती विचारायची, तू म्हणायचास काम लई हाय. ती मला सांगायची, "एक फोन कर ना तू उसकू." मी म्हणायचे, करते. मला वाटायचं तू फोन करशील. मी वयानं मोठी, शिवाय तू मला मॅडम म्हणायचास आणि मी तुला अरे-तुरे. सहा वर्षं तसंच चाललं, आणि फोन कुणी करायचा हेही त्यावरच ठरून गेलं.

मग एका सकाळी अफरीनचाच फोन आला. ती नुसती रडत होती. बराच वेळ मला कळलंच नाही की कोण गेलं.

तुझ्या गावी आम्ही दोघी बाराव्या दिवशी गेलो. सांगोल्याच्या पुढं रस्ता आत वळतो, मग सगळा माळ. श्रीनिवास आला नाही, म्हणाला माझ्यात धीर नाही. तुझी आई आत बसली होती, तिच्यापाशी बसलो. ती आम्हाला ओळखत नव्हती, तरी माझा हात हातात धरून ठेवला. मग बाहेर आलो तर मेंढरांच्या वाड्याला कुंपण घातलेल्या काटेरी फांद्यांपाशी एक माणूस उभा होता. तुझ्यासारखाच उंच. तुझंच कपाळ. मान एका बाजूला कलती ठेवून तो आमच्याकडे बघत होता.

"तुमी भिवाच्या मॅडम का?" त्यानं विचारलं.

अफरीननं मान हलवली.

"मी सिद्धू. बिरूदादाचा धाकटा." तो कसा बोलत होता ते मी आता लिहिते तसंच, कारण तुला त्याचा आवाज ऐकावासा वाटेल. "ह्या बाजूनं बोला ताई. त्या कानानं मला ऐकाय येत न्हाय."

मी त्याच्या दुसऱ्या बाजूला गेले. मी काही विचारलं नव्हतं, पण लोक विचारतात म्हणून असेल, त्यानंच सांगितलं.

"दादानंच मारलं व्हतं. म्या नऊ वर्साचा, त्यो सोळाचा. आमची येक्केचाळीस मेंढरं व्हती. मला झोप लागली आनि येक लांडग्यानं नेलं. दादानं येकच मारली. कानाखाली. रगात आलं." तो हे असं सांगत होता की जसा पाऊस कधी पडला ते सांगावं. "त्याचं काय न्हाय ओ. पोरं मार खात्यातच. पन दादानं लई मनाला लावून घेतलं. त्याच्यानंतर हात उचलला न्हाय. आवाज बी न्हाय. राग आला की घड्याळ काढून ठिवायचा. न्हायतर मोजत बसायचा. लईच झालं की शाळेतल्या सायबावानी बोलायचा. घरात समद्यांला ठावं व्हतं. दादा 'आपण' म्हनला की आमी गप."

अफरीननं तोंडावर ओढणी धरली.

मी उभी होते, बिरू. सहा वर्षांच्या रविवारांतला एकेक राग माझ्यासमोरून जात होता, आणि एकही सुचलेला नव्हता. मी जे कल्पनाशक्ती म्हणून चारचौघांत मिरवत होते, ते तू बावीस वर्षं रोज घरी करत होतास. तू माझ्या टेबलाशी तेवढं एक घेऊन आला होतास. ज्या खेळात रागाचं कौतुक होतं, तिथं तो कसा धरायचा ते तू आम्हाला दाखवत होतास. आणि राग गेल्यावर प्रत्येकापाशी जाऊन विचारायची तुला जागा हवी होती, तर मी म्हणाले थोडक्यात घे.

सिद्धू आणखी बोलत होता. मला मध्येच ऐकू यायला लागलं.

"दर सोमवारी दादा फोन करून गोष्ट सांगायचा. भिवानं काय केलं, चोरानं काय चोरलं. मला लई आवडायची. मेंढरांमागं दिवसभर दुसरं काय असतंय? मग बंदच झाली. म्या म्हनलं, का रं दादा, तानूला धरून नेलतं त्याचं पुढं काय झालं? तर म्हनला, झालं की ते. किल्लेदारानं तानूला मारायला हात उचलला आनि भिवानं त्यो वरच्या वर धरला. सुटला तानू. गोष्ट संपली म्हनला."

वाऱ्यानं फांद्यांचं कुंपण करकरत होतं. आत कुठंतरी तुझी आई कुणाला तरी जेवायला वाढा म्हणून सांगत होती. सिद्धूनं डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं. त्याला संशय होता असं नाही. त्याला नुसतं पुन्हा एकदा ऐकायचं होतं, जिनं गोष्ट सांगितली तिच्या तोंडून.

"तसंच झालं नव्हं, मॅडम?"

अफरीन माझ्याकडे बघत होती.

मी काहीतरी म्हणाले. माझा आवाज फुटला नसेल, कारण सिद्धूनं चांगला कान माझ्या तोंडाजवळ आणला आणि म्हणाला, "आँ?"

तेव्हा मी मोठ्यानं बोलले. एवढ्या मोठ्यानं की आतली दोन माणसं दारात आली.

"व्हय, सिद्धू. भिवानं हात वरच्या वर धरला. तानूला लागलं नाही."